बिनवायरचा पडदा

दोन हजार चोवीस साल, माझं वय त्र्याहत्तर. आई नव्वदी ओलांडून वारली आन् तिच्या जमिनीला वारस लावायचे म्हणून मी केडगावात ऑनलाइन अर्ज भरणाऱ्याकडं गेलो. हा गडी लॅपटॉप आपल्याकडं ठेवतो, पण पाटीएवढा दुसरा पडदा गिऱ्हाइकाच्या हातात देतो. त्याला वायर न्हाई. तो आत टाइप करतो, ते आपल्या मांडीवर उमटतं. एखाद्या म्हातारीला पायऱ्या चढवत नसतील, तर पडदा बाहेर ओट्यावर नेऊन देतो. बोलणं कमी. कुणी घाई केली की चष्मा पुसत बसतो.

वारस म्हणून मी माझं एकट्याचं नाव सांगितलं.

"आन् बहीण, आबा?" त्यानं विचारलं. आमचं घर त्याला ठाऊक होतं.

"तिला काय करायचीय जमीन? तू लिही."

त्यानं लिहिलं. "आता मोठ्यानं वाचा. तुम्ही बरोबर म्हटल्याबिगर मी बटण दाबत न्हाई."

मी दुसरीपर्यंतच शिकलेलो. पण याला वाचता येत न्हाई असं कुणी म्हणू नये, म्हणून बोट ठेवून वाचलं, 'माझ्याशिवाय मयताला दुसरा वारस नाही.'

त्याचे दोन्ही हात मांडीवर. 'बरोबर' हा एवढासा शब्द, पण माझ्या तोंडातून निघेना.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्यानं लिहिलेलं सगळं पुसलं आन् पडदा पुढच्या बाईच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वरवंडला बहिणीच्या दारात उभा राहिलो आन् म्हणालो, "आधार कार्ड घे, केडगावला जायचंय."