‘सांगता येत नाही’ म्हणणारे डॉक्टर

डॉ. माधवराव खुडेकर यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहा, असं समितीनं कळवलं, तेव्हा आधी मनात आलं, माझी साठी कुणाच्या लक्षातही नव्हती. हेवा लपवून गौरव करणं मला जमणार नाही. दोन्ही एकत्रच घ्या.

आमची पहिली भेट हिंगोलीतल्या माझ्या दवाखान्यात झाली. मेंदूचे सर्जन म्हणून ते नुकतेच इथे आले होते. आकडी येते म्हणून पुसेगावचे एक शेतकरी माझ्यासमोर बसले होते. स्कॅनमध्ये मेंदूत डाग दिसत होता. असा डाग दिसला की टीबी समजून गोळ्या सुरू करायच्या, ही आमच्याकडची पद्धतच. माधवरावांनी फिल्म उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “हे काय आहे, मला सांगता येत नाही. तुकडा काढून तपासू.”

मला वाटलं, पेशंट आता पळणार. तर ते म्हणाले, “हे डॉक्टर खरं बोलून राहिले. यांच्याकडंच करू.” हेच मी बोललो असतो, तर त्यांनी तडक नांदेड गाठलं असतं. तेव्हापासून मी जळतो आहे.

पुढे तसाच डाग माझ्या पत्नीच्या, सुलभाच्या, मेंदूत निघाला. तोही वाचेच्या केंद्राला लागून. मला कॅन्सरच दिसत होता. कवटी उघडून काढून टाका, असा मी हट्ट धरला. त्यात तिची वाचा गेली असती. माधवराव शांतपणे म्हणाले, “आधी कळू द्या.”

डोक्याला चौकट बसवून, स्कॅनवर जागा मोजून, त्यांनी बारीक छिद्रातून सुई आत नेली. सुई आत असेपर्यंत पेशंटला जागं आणि बोलतं ठेवायचं, ही त्यांची रीत. सुलभानं त्यांना हळद कशी शिजवतात ते साग्रसंगीत सांगितलं. माझ्याशी ती इतकं कधी बोललेली नाही. काचेबाहेर मी भीतीनं गारठलो होतो, आणि तशातही मला मत्सर वाटला.

कॅन्सर नव्हता, टीबीही नव्हता. पू होता. बराचसा सुईनंच निघाला, उरलेला औषधांनी विरला.

“मीही डॉक्टरच आहे,” घरी आल्यावर मी सुलभाजवळ कुरकुरलो.

“व्हय. पण तुमी काहून सगळंच माहीत असल्यावानी बोलता?”

हा लेख तिला वाचून दाखवला, तर म्हणाली, “कौतुक लई कमी केलं तुमी.” तिचा एकेक शब्द स्पष्ट होता. त्याबद्दल, माधवराव, सगळ्या जळफळाटासकट हात जोडतो. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो.