तीन वर्षं घरीच होते?

मंडळी, आज पुरती अडकलेय.

बी.कॉम. झाल्यापासून तीन वर्षं मी भोकरदनला मामांच्या घरी राहते आणि त्यांचं बियाण्याचं दुकान सांभाळते. आज नवीन जालना भागातल्या एका कंपनीसाठी बायोडाटा करताना त्यांना विचारलं, "दुकानाचा अनुभव लिहिलाय, ठेवू का?"

"बिलकुल न्हाई. भाचीला राबवून घेतलं म्हणतील लोकं."

"मंग तीन वर्षं काय केलं सांगू?"

"सांग, घरीच होते."

मी लिहिलेलं पुसलं. शिक्षणाखाली पान कोरंच राह्यलं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मामांनी मलाच हाक मारली, "पोरी, कपाशीच्या बियाण्याचा भाव काय गं?"

मी उठले, भाव सांगितला, बिल केलं.

लिहिलं तर मामा दुखावतील. न्हाई लिहिलं तर मी तीन वर्षं कुठंच नव्हते. तुम्ही काय केलं असतं?