सबब राहू नये असं मशीन

त्याचा फोन आला तेव्हा मी एका इन्व्हर्टरचं पोट उघडून बसलो होतो. "मी बोलतोय," एवढंच तो म्हणाला. नाव सांगायची गरज त्याला नोकरीतही कधी वाटली नव्हती. "विमान उडवायचा कॉम्प्युटर बांधून घ्यायचाय. फ्लाइट सिम्युलेटर. तू ते करतोस असं मराठी मंडळात कळलं. रविवारी ये."

मी सहासष्ट वर्षांचा आहे. लखनौच्या तेलीबागेत माझं यूपीएस, इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, निवृत्तीनंतर बायकोचं न ऐकता काढलेलं. माझ्या नातवाच्या वयाची गिऱ्हाइकं मला "अंकलजी, आप" म्हणतात. हा मला तू म्हणतो आणि वर ये म्हणतो. तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी "येस सर" म्हणालो. हवाईदलात वीस वर्षं काढलेली ही जीभ माझं ऐकत नाही. तोंडावर मी त्याला आजही सरच म्हणतो. इथे लिहिताना मात्र तो 'तो'च राहील.

तो वैमानिक होता आणि मी विमानातल्या उपकरणांचा फिटर. विमान ठीक आहे अशी सकाळी फिटरची सही व्हायची, आणि ते ताब्यात घेतलं अशी उडण्याआधी वैमानिकाची. तीसेक वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या एका तळावर त्याने माझी सही असलेलं विमान धावपट्टीवर आपटलं. चाकाचा दांडा मोडला, त्याची कंबर दुखावली. स्ट्रेचरवरून तो पहिलं वाक्य बोलला ते असं, की वेगाचा काटा खोटं दाखवत होता. गेज काढून टेबलावर तपासलं, ते अगदी बरोबर निघालं. चौकशीत कारण नक्की ठरलं नाही, पण संशय दोघांच्याही कागदाला चिकटला. माझं प्रमोशन अडलं आणि मी एक पायरी खालीच राहून घरी आलो. तो उडणं सोडून ऑफिसच्या टेबलावर गेला आणि तिथे बसल्या बसल्या वर चढत राहिला. साहेब लोकांचं असंच असतं, हे मी बायकोला सांगितलं, भावाला सांगितलं, दुकानात चहाला टेकणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. 'गेज बरोबर होतं' हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल.

शेवटच्या बदलीनंतर दोघेही लखनौत राहिलो, हे माझं नशीब. मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी तो समोर यायचा. मी प्रसाद वाटत असलो तर त्याच्या हातावर ठेवायचो आणि पुढच्या माणसाकडे बघायचो.

रविवारपर्यंत माझं ठरलं होतं. ह्याला असं मशीन बांधून द्यायचं की विमान आपटल्यावर बोट दाखवायला काही उरता कामा नये. सत्तरीला आलेला माणूस, इतकी वर्षं हातात दांडा नाही, तो आपटणारच. तेव्हा मी शेजारी उभा असेन आणि त्याच्याच तोंडून ऐकेन की गेज बरोबर होतं. मला दुसरं काहीही नको होतं. मजुरी घेणार नाही हे मी दारातच सांगून टाकलं, म्हणजे त्या बाजूनेही त्याला बोलायला जागा नको.

त्याने इंटरनेटवरून यादी छापून ठेवली होती, मोठ्या अक्षरांत. मी त्याच्याच पेनने त्यावर काट मारायला सुरुवात केली.

"प्रोसेसर सोळा कोरचा लिहिलाय. कशाला, सर?"

"जितके जास्त तितकं चांगलं. कॉमन सेन्स है यार."

"विमानाचा खेळ एकदोन कोरवरच सगळा भार टाकतो. बाकीचे नुसते बसून असतात. कोर कमी चालतील, आतली कॅश मेमरी मोठी हवी."

"बसून असतात म्हणजे?"

टेबलावरच्या साहेबांसारखे, असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी पुढची ओळ घेतली. त्याला समोरून अख्खी काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट हवी होती. मी म्हटलं, लखनौची धूळ आणि मे महिन्यातला लूचा गरम वारा ह्या दोन्हींत काचेमागे मशीन भाजून निघेल. मग पंखे किंचाळतील, चित्र अडखळेल आणि तुम्ही म्हणाल चित्र अडखळलं म्हणून चुकलो. समोर जाळी हवी, मागे पुढे मोठे पंखे हवेत.

"मी असं म्हणेन असं तुला का वाटतं?"

"अनुभव, सर."

मॅडम चहा घेऊन आल्या म्हणून तेवढ्यावर थांबलं. त्या मला भाऊ म्हणतात आणि नेहमी घरच्यांची चौकशी करतात. त्यांच्याशी माझं काही भांडण नव्हतं, आणि असल्या नवऱ्याबरोबर राहतात म्हणून मला त्यांची कीव यायची. जाताना त्याने यादी माझ्या हातात कोंबली. "ठीक है. जाळी घे."

हजरतगंजजवळच्या कॉम्प्युटर बाजारात आम्ही चार फेऱ्या मारल्या आणि चारही वेळा भर रस्त्यात भांडलो. ग्राफिक्स कार्डापाशी तर तमाशाच झाला. दुकानदाराने डबा नसलेलं एक मोठं कार्ड काउंटरवर ठेवलं. "सर, बस छह महीने चला है. घर में, बच्चे के गेम में." ह्याला ते आवडलं, कारण नव्यापेक्षा वरच्या दर्जाचं होतं. मी चष्मा चढवून बघितलं. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे होते, आणि चिपखालच्या गादीतून तेल पाझरून पट्टीवर वाळलं होतं. हे कार्ड कुणाच्या तरी गोदामात रात्रंदिवस राबवून काढलेलं होतं.

"किस बच्चे के गेम में?" मी विचारलं. "बच्चा सोता भी था कि नहीं?"

"अरे भाईसाहब, आप तो ख़फ़ा हो गए."

"जुनं घ्यायला काय हरकत आहे?" तो मध्येच म्हणाला. "चालतंय ना?"

"आज चालतंय. पुढच्या महिन्यात उतरताना स्क्रीन काळी पडली तर कुणाच्या नावाने ओरडाल?"

हे मी चारचौघांत, चढ्या आवाजात म्हणालो. दुकानदाराने कार्ड मागे ओढलं. ह्याच्या गालाचा स्नायू हलला. मला वाटलं आता हा मला जुन्या पद्धतीने झापणार, आणि मी त्याची वाटच बघत होतो. पण तो दुकानदाराकडे वळून म्हणाला, "नया दिखाइए. जो ये कहें."

प्रत्येक वेळी हेच. आधी भांडायचं, मग माझंच घ्यायचं. पॉवर सप्लायला त्याने नाक मुरडलं. बाहेरून दिसतसुद्धा नाही त्या डब्याला एवढा भाव कशाला? मी सांगितलं की लखनौत व्होल्टेज दिवसातून दहा वेळा नाचतं आणि हलका डबा पहिल्यांदा मान टाकतो. भरपूर वॅटचा, हातात घेतल्यावर जड लागणारा घेतला. मेमरी एकाच कंपनीची, जोडीची. मॉनिटर असा की हात हलवल्याबरोबर चित्र हललं पाहिजे. यूपीएस माझ्या दुकानातून आणला, बॅटरी नवी घालून. उडवायचा दांडा, थ्रॉटल आणि पायाचे पेडल दिल्लीहून मागवले, चुंबकाच्या सेन्सरचे, कारण साधे सेन्सर झिजतात आणि दांडा मध्ये धरला तरी विमान एका बाजूला सरकतं. एकेक पार्ट घेताना मला त्याची एकेक पळवाट बुजवल्याचा आनंद होत होता. असा निखळ दुष्ट आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, हे कबूल करतो.

मशीन त्याच्या बैठकीच्या खोलीत जोडलं. तो खुर्ची घेऊन समोर बसला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. ना एक शब्द बोलला, ना एका स्क्रूला हात लावला. मी मुद्दाम चार तास मशीन पूर्ण भारावर चालवून तापमान दाखवलं, चित्र कुठे अडखळत नाही हे दाखवलं, दांडा आणि पेडल मध्यावर आणून दाखवले. "बघून घ्या, सर. नंतर तक्रार नको."

"बघितलं," तो म्हणाला.

एप्रिलमधल्या एका सकाळी तो उडाला. आम्ही ज्यावर काम करायचो त्या जातीचं विमान सिम्युलेटरमध्ये होतं. मी त्याच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा राहिलो. पहिल्याच खेपेला त्याने ते विमान असं टेकवलं की चाकं कधी लागली ते मला कळलं नाही. मला वाटलं, नशीब. दुसऱ्यांदा तसंच. मी वारा बाजूने लावला, तरी तसंच. मी टाकीत इंधन वाढवून विमान जड केलं, ढग खाली आणले. तो काही न बोलता वळसा घेऊन परत यायचा आणि टेकवायचा. अकरा वेळा तो उतरला. त्याचे हात म्हातारे झाले होते, शिरा वर आल्या होत्या, पण दांड्यावर ते क्षणभरही घाबरले नाहीत. माझी हाताची घडी सुटली होती.

मग खुर्ची न वळवता तो म्हणाला, "आता तो फॉल्ट लाव."

"कुठला, सर?"

"तुला माहीत आहे कुठला."

मला माहीत होता. विमानाच्या अंगावर एक बारीक भोक असतं. तिथून एक नळी बाहेरच्या हवेचा दाब वेगाच्या गेजपर्यंत पोचवते. त्या नळीत पाणी अडकलं की विमान खाली येताना काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. गेज चांगलंच असतं, त्याला खोटी हवा मिळते. सिम्युलेटरमध्ये असे बिघाड लावायची यादी असते. मी माउस हातात घेतला आणि त्या ओळीवर खूण केली.

तो वळसा घेऊन आला. काटा उतरायला हवा तेवढाच वेग दाखवत होता, खरा वेग त्याहून कमी होता, मी मागून बघत होतो. धावपट्टी जवळ आली, त्याने नाक हळूच उचललं, आणि विमान हातातून निसटल्यासारखं खाली गेलं. स्पीकरमधून धाडकन आवाज आला. स्क्रीनवर ते एका बाजूला कलून पडलं होतं. त्याचा उजवा हात कमरेवर गेला होता.

"एकही पार्ट मी निवडला नाही," तो म्हणाला. "एक स्क्रूसुद्धा नाही. नाहीतर तूच म्हणाला असतास की साहेबाने स्वतःला हवं तसं मशीन बनवून घेतलं." मग त्याने खुर्ची फिरवली. "आदल्या दिवशी पाऊस झाला होता. सकाळी तू त्या नळीचं पाणी काढलं होतंस?"

चौकशीत मला गेजबद्दल विचारलं होतं, आणि मी गेजबद्दल सांगितलं होतं. नळीबद्दल ज्यांनी विचारलं त्यांना मी सहीचा कागद दाखवला. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. कामावरचा जोडीदार म्हणाला, मी बघितलंय, आणि मी हात खिशातून काढले ते सही करण्यापुरते. नळीत पाणी होतं की नव्हतं हे मला आजही माहीत नाही. मी बघितलं नाही, एवढंच माहीत आहे. मी ह्या माणसाचा इतकी वर्षं द्वेष केला, कारण तो द्वेष थांबवला असता तर मला त्या नळीचा विचार करावा लागला असता.

"नाही," मी म्हणालो.

त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीही दिसलं नाही. दिसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने आतल्या दाराकडे तोंड करून मॅडमना हाक मारली. त्या ओल्या हातांनी बाहेर आल्या.

"आता हिला सांग," तो म्हणाला.

"सर—"

"हिला सांग."

मी सांगितलं. पाऊस, थंडी, जोडीदार, सही, सगळं. वरिष्ठांपुढे उभं राहून बोलतात तसं, हात बाजूला सरळ ठेवून. मॅडमनी ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसले.

"भाऊ, ह्यांना टेबलावर कुणी बसवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कंबर बरी झाल्यावर डॉक्टरांनी उडायची परवानगी दिली होती. पण गेज बरोबर निघालं तेव्हा ह्यांनीच लिहून दिलं, माझ्या हाताचा मला भरवसा राहिला नाही म्हणून. तो अर्ज मी टाइप करून आणला होता."

एवढं बोलून त्या आत गेल्या. त्याने यादीतली ती खूण काढली आणि पुन्हा उड्डाण सुरू केलं. मला बस असं कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो आणखी दोनदा उतरेपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि दोन्ही वेळा विमान अलगद टेकलं.