ज्या शाळेत मी बसलोच नाही

पेणच्या शाळेच्या ऑफिसच्या दारात मी चपला काढल्या. आतल्या क्लार्क मॅडम म्हणाल्या, "असू द्या हो, या तसेच." पण तोवर काढून झाल्या होत्या. आता परत घालाव्यात की राहू द्याव्यात, या विचारात मी जरा वेळ उंबऱ्यावरच उभा राहिलो. माझं वय त्रेचाळीस. मस्कतमध्ये एका कंपनीच्या गोदामात अकरा माणसं माझ्या हाताखाली काम करतात. त्यांच्यातल्या कुणी मला त्या वेळी पाहिलं असतं, तर ओळखलं नसतं.

मला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. गोदामाचा स्टोअरकीपर निवृत्त व्हायला दीड वर्ष आहे. त्याचं काम मीच करतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मॅनेजरने एकदा बाजूला घेऊन सांगितलं, की जागा तुझीच आहे, पण दहावी पासचा कागद लागतो, तेवढा आण. तेव्हापासून मला झोप नीट नव्हती. बायकोने चौकशी केली. बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरतात, तो ऑनलाइन असतो, आणि त्याला मूळ दाखला जोडावा लागतो. फॉर्म तिने मोबाइलवर भरलाही. अडलं होतं ते दाखल्यापाशी. माझी सुट्टी नऊ दिवस उरली होती आणि कागद पेणच्या शाळेतच जमा करायचे होते, त्याची मुदत त्याच्याही आधी संपत होती.

दाखला मी कधी आणलाच नव्हता. त्या शाळेच्या फाटकातून बाहेर पडलो तो नववीत, दिवाळीच्या सुट्टीनंतर, आणि परत गेलो नाही. घरी सांगितलं होतं, की शाळेने माझं नाव काढून टाकलं. पुढे बायकोलाही तेच सांगितलं. मस्कतला कुणी विचारलं तर परिस्थिती नव्हती म्हणायचो. बाबा मिठागरात काम करत होते, त्यामुळे ते सगळ्यांना पटायचं.

खरं काय ते इथे लिहितो. सहामाहीत मी गणितात नापास झालो. प्रगतीपुस्तकावर पालकांची सही लागे. बाबा अंगठा मारायचे. ते पुस्तक त्यांना दाखवायचा मला धीर झाला नाही. मोठी बहीण बालवाडीत शिकवायची, तिच्या सामानातून मी शाईचा पॅड घेतला आणि माझाच अंगठा उमटवला. अंगठा म्हणजे अंगठा, कुणाला काय कळणार, असं वाटलं.

आमच्या वर्गात निम्मी मुलं मिठागरातल्या लोकांची, त्यामुळे अंगठे बघायची सरांना सवय होती. त्यांनी आधीचं पान उलटलं. बाबांच्या अंगठ्याला मिठाच्या पाण्याने पडलेली एक जुनी भेग होती. शाई तिथे लागत नसे, आणि ठशात मधोमध तिरकी पांढरी रेघ राहायची. माझ्या ठशात रेघ नव्हती, आणि तो आकारानेही लहान होता. सर ओरडले नाहीत. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "उद्या बाबांना घेऊन ये."

ते उद्या कधी आलं नाही. चार दिवस मी दप्तर घेऊन एसटी स्टँडपर्यंत जायचो, बसायचो, आणि शाळा सुटायच्या वेळेला घरी यायचो. पाचव्या दिवशी नाव काढल्याची थाप मारली आणि गावातल्या एकाच्या ओळखीने वडखळ नाक्यावर पंक्चरच्या दुकानात कामाला लागलो. तिथून पनवेल, मग मुंबई, मग मस्कत.

क्लार्क मॅडमनी माझं नाव, जन्मतारीख विचारून घेतली आणि कपाटातून एक मोठं रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, कडांना कापडी पट्टी चिकटवलेली. मला वाटत होतं, आता नावावर लाल रेघ निघणार. शेऱ्यात काय लिहिलं असेल? खोटा अंगठा मारला, असं कुणी लिहितं का?

"हे तुमचं नाव," मॅडम म्हणाल्या. "पण दाखला दिलाय की तुमचा."

"मी नाही नेला."

"तुम्ही नसेल. पालकांनी नेलाय. हे बघा."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पुढील शिक्षणासाठी रोहा येथे. दाखला पालकांस दिला.' अक्षर आमच्या सरांचं होतं. फळ्यावर रोज पाहिलेलं, 'श'चा काना लांब ओढणारं. त्या काळी क्लार्क नव्हता, वर्गशिक्षकच ही पानं भरायचे. आणि शेजारी जांभळा अंगठा होता. मोठा. मधोमध तिरकी पांढरी रेघ.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. त्यांची म्हणावी अशी कुठलीच खूण माझ्याकडे नाही, फोटो आहे तोही आधारकार्डाचा. मी त्या ठशावर बोट ठेवलं, तर मॅडम म्हणाल्या, "जरा जपून हां, पान फाटेल." मी हात मागे घेतला.

"मग मला दुसरा दाखला मिळेल का?"

"आम्हाला नाही देता येणार. हा दाखला रोह्याला जमा झाला असेल, तर तुमची शेवटची शाळा ती. तिथून घ्या."

"पण मी रोह्याच्या शाळेत कधी गेलोच नाही."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "रजिस्टर काय सांगतं ते मी सांगितलं. विचारून तर या."

रोह्याजवळ वरश्याला माझे मामा राहतात. कंपनीतून निवृत्त झालेत. फोन करून दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. पेणमधून बाहेर पडताना दोन्ही बाजूंना गणपतींचे कारखाने, टेम्पोत मूर्ती चढवणं चाललेलं, त्यात बस अडकली तर माझा जीव खालीवर. वडखळचा नाका आता ओळखू येत नाही, तरी मान त्या बाजूला वळलीच.

पंक्चरच्या दुकानात लागून दीडदोन महिने झाले असतील, तेव्हा एका दुपारी बाबा तिथे आले होते. अंगात सणासुदीचा सदरा, काखेत पिशवी. एका टायरवर बसले. मालकाने चहा मागवला. चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, "मामा म्हणत व्हता, त्याच्याकडं ऱ्हा. तिथं बी शाळा हाय."

"मला नाय जायचं शाळेत," मी म्हणालो. "इथं बरं हाय."

"बरं," बाबा म्हणाले. चहा संपवला, ग्लास विसळून ठेवला आणि गेले. मला वाटलं, सहज म्हणाले असतील. अलिबागकडे कुणाकडे जायचं असेल, वाटेत डोकावले असतील. सणासुदीचा सदरा का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मामा रोहा स्टँडवर स्कूटर घेऊन उभे होते. "काय रं मस्कतवाला, मामा आठवला व्हय कागदासाठी?"

मी स्टँडवरच विचारलं, "मामा, बाबांनी माझा दाखला तुमच्याकडे आणला होता का?"

"आणला व्हता म्हंजे? माझी सेकंड शिफ्ट व्हती, सकाळीच दारात हजर. दोघं जाऊन शाळेत तुझं नाव घातलं. तुला नाय सांगितलं दाजींनी?"

"नाही."

"तिथनंच ते वडखळला गेले, तुला आणायला. संध्याकाळला येतो घेऊन म्हणाले. तुझ्या मामीनं गोडाचं केलं व्हतं. आला नायस तू." मामांनी स्कूटरला किक मारली, ती लागली नाही. परत मारली.

मला विचारायचं होतं ते मी स्कूटरवर मागे बसून विचारलं, म्हणजे तोंड दिसणार नाही. "पेणच्या सरांनी त्यांना काय सांगितलं होतं?"

"सगळं सांगितलं की. तू घरी सांगितलंस, नाव काढलं. दाजी म्हणाले, असं कसं काढतील, आणि गेले इचारायला. मास्तरनं दोन्ही अंगठे दाखवले." मामा हसायला लागले, स्कूटर हलली. "दाजी इथं येऊन हसत व्हते. म्हणाले, मी पोराला सही शिकायला शाळेत घातला, तर ते तिथं अंगठा मारायला शिकलं. मास्तर म्हणाला म्हनं, पोरगं घाबरट हाय, ह्या शाळेत परत यायचं नाय, दुसरीकडं घाला, पण शाळा तोडू नका."

इतकी वर्षं मी बाबांपासून जे लपवत होतो ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. सुट्टीला घरी आलो की समोर बसून जेवायचे, आणि शाळेचा विषय निघाला की मीच उठायचो. ते मला उठू द्यायचे.

रोह्याच्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्याहून तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शिपायाला रजिस्टर आणायला सांगितलं, आणि स्वतःच बोट फिरवत पानं बघू लागले. मी मनात म्हणत होतो, की नसणार. वाळवीने खाल्लं असेल, पाणी शिरलं असेल. नसलं तर विमान पकडायचं आणि दहावीचा विषय सोडून द्यायचा, असंही ठरवून टाकलं होतं.

"सापडलं," ते म्हणाले. मग त्यांची भुवई वर गेली. "शाळा सोडल्याची तारीख कोरी आहे. कारण कोरं आहे. कुणी नाव कमी करायचं विसरलंय. म्हणजे कागदावर तुम्ही अजून आमच्याच शाळेत आहात. नववीत."

मामा म्हणाले, "म्हंजे अजून पास नाय झाला."

मला हसू आलं नाही. "मग दाखला मिळणार नाही का?"

"मिळेल. पण आधी नाव कमी करावं लागेल, आणि त्याला अर्ज लागतो. अर्जावर पालकांची सही." त्यांच्याही लक्षात आलं होतं, ते काय म्हणतायत. "आता तुम्ही सज्ञान आहात, तुमची चालेल."

"मी करतो की," मामा म्हणाले. "घातला तवा बी मीच सही केलेली. बघा, असंल तिथं."

होती. बाबांच्या अंगठ्याखाली मामांची सही होती, आणि बाबांच्या अंगठ्यात इथेही ती रेघ. मुख्याध्यापक म्हणाले, दोघेही करा. तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या भाच्याला नववीतून काढावं, असा अर्ज मामांनी दिला. कारण काय लिहायचं यावर थोडी चर्चा झाली. मामांना 'कामाला गेला' असं हवं होतं. शेवटी 'प्रवेशानंतर एकही दिवस हजर नाही' असं लिहिलं, कारण तेच खरं होतं. तारीख मात्र आजची पडणार होती. मला धाकधूक, की फॉर्म नाकारतील. मुख्याध्यापकांनी माझ्यादेखत पेणच्या क्लार्क मॅडमना फोन लावला, दोघांचं बोलणं झालं, आणि फोन ठेवून ते म्हणाले, "चालेल. उद्याच जमा करा."

मग ते एका रकान्यापाशी थांबले. "वर्तणूक काय लिहू? तुम्हाला इथे कुणी पाहिलंच नाही."

"पाह्यलंच नाय, तर वाईट कशी म्हणणार?" मामा म्हणाले.

त्यांनी 'चांगली' लिहिलं. शिक्का मारला. दाखला मिळाल्याची सही करायला रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी पेन शोधायला खिसे चाचपायला लागलो, तर मामा माझ्या कानाशी म्हणाले, "पेन घे रं. अंगठा नको मारूस."

पेणचा मूळ दाखला त्यांच्या फाइलमध्ये होता. तो मिळतो का, विचारलं. नाही म्हणाले, शाळेचं दप्तर आहे, इथेच राहील. मी दोन्ही हातांनी धरून बघितला आणि परत दिला. त्याला चार घड्या पडल्या होत्या, सदऱ्याच्या खिशात मावेल एवढ्या.

मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. गोडाचं केलं होतं. ते का, हे कुणी बोललं नाही, पण मी दोनदा घेतलं.

परतीच्या एसटीत बायकोला फोन केला. "झालं काम. मिळाला."

"बरं झालं बाई. पण तुम्हाला शाळेने काढलं होतं ना? मग दिला कसा?"

बस वडखळला थांबली होती. बाबा बसले होते ती जागा नक्की कुठली, ते मला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

"काढलं नव्हतं," मी म्हणालो.

"मग?"

शेजारी एक आजीबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांनाही ऐकू जाणार होतं. मी घरी आल्यावर सांगतो म्हणणार होतो. पण घर यायला अजून पाऊण तास होता, आणि तेवढ्यात माझा विचार बदलला असता. म्हणून मी तिथेच, बस सुटायच्या आधी, गणितापासून सांगायला सुरुवात केली.