रावमामांचा परदेशी खोकला

बोट वर करून "खोकू नका" असं बजावणारा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, मैफिलीत नाहीतर कीर्तनात. आमच्या रावमामांचं बोट रेडिओसाठी वर व्हायचं. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सगळेच राव, त्यामुळे वेगळं नाव सांगून उपयोग नाही. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत माझं आणि मामांचं टेबल शेजारी होतं. संध्याकाळी बसमधून उतरले की मामा थेट घरच्या ओट्यावर, रेडिओपाशी. एरियलची तार शेवग्याला बांधलेली, आणि मामी तिच्यावर टॉवेल वाळत घालायच्या.

गल्लीत तेव्हा घरोघर केबल येत होती. मामा मात्र सोव्हिएत संघ फुटून निघालेल्या एका नव्या देशाचं इंग्रजी प्रसारण ऐकत. पूर्वी त्यावर नुसते ट्रॅक्टर आणि कापूस. देश सुटा झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिथला निवेदक बातम्या वाचता वाचता खोकला आणि म्हणाला, "माफ करा, स्टुडिओत कोळसा नाही. मंत्र्यांच्या घरी आहे, असं ऐकतो."

मामा उभेच राहिले. "ऐकलंस कां रे? रेडिओ सरकारचा, आणि त्यावरूनच सरकारचा कोळसा काढला. आमच्याकडं कोण असं खोकतं, सांग."

मग रोज कोळसा, पावाच्या रांगा, मंत्र्याचा मेहुणा. आणि खोकला. आवाज कसा पोचतो ते श्रोत्यांनी कळवायचं आणि केंद्रानं रंगीत कार्ड पाठवायचं, पत्र वाचून दाखवायचं, अशी तेव्हा रीत होती. मामा कळवायचे: आवाज चांगला, खरखर थोडी, खोकला वाढलाय. शेवटी न राहवून त्यांनी सुंठ, मिरी आणि ताडगुळाचं चूर्ण पार्सलनं धाडलं.

"घरात मी खोकून खोकून मरते," मामी म्हणाल्या, "मला हे चूर्ण कधी दिसलं नाही."

"तू खोकलीस तर कोणाचं सरकार पडणार?"

काही महिन्यांत खोकला थांबला. मामांनी गल्लीत केसरी, म्हणजे आमच्याकडचा गोड शिरा, वाटली. "आमच्या तंजावरची सुंठ," असं ते ज्याला त्याला सांगत. मीही हसत केसरी खाल्ली, त्याची मला अजून चुटपुट आहे. कारण खोकल्याबरोबर कोळसाही थांबलाय, हे माझ्या लक्षात आलं होतं. आवाज तोच, पण आता राष्ट्राध्यक्ष आणि कापूस, कापूस आणि राष्ट्राध्यक्ष. मामा इतके खूश होते की मी गप्प बसलो.

मग पत्रांच्या कार्यक्रमात मामांचं पत्र आलं. अर्धी गल्ली ओट्यावर जमली. निवेदक वाचू लागला, "भारतातल्या तंजावरचे श्रोते लिहितात, राष्ट्राध्यक्षांचं भाषण फार आवडलं."

मामांचं बोट वर होतं, ते तिथंच राहिलं.

"मी चूर्ण मधात घ्या म्हणून लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते पापनाशम गावाहून आलेल्या पाहुण्यासारखे परके बसले होते. "माझ्या सुंठेनं नाही रे थांबला तो खोकला. त्याचा गळा धरलाय कोणीतरी. नोकरी तरी राहील कां त्याची?"

त्यांनी पुन्हा पत्र टाकलं: औषध ताबडतोब बंद करावं, खोकला परत यावा ही विनंती.

हे पत्र शब्दशः वाचलं गेलं. केंद्रातल्या वरच्यांना ते नुसतं औषधपाण्याचं वाटलं असावं. वाचून झाल्यावर निवेदक थांबला. मग खोकला. कोरडा, ठणठणीत, मुद्दाम काढलेला. लगेच संगीत लागलं.

दुसऱ्या दिवसापासून आवाज दुसराच. मामा चौकशीची पत्रं लिहीत राहिले. उत्तरादाखल कापसाच्या चित्रांची कॅलेंडरं येत राहिली.

बऱ्याच वर्षांनी मामा दवाखान्यात होते. छातीला नळी लावून डॉक्टर म्हणाला, "राव सार, जरा खोका."

मामांनी वॉर्डभर नजर फिरवली. बोट वर झालं. "इथं चालतं कां?"

"चालतं की, सार."

मग मामा असे खोकले की खिडकीतली कबुतरं उडाली आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

"हळू," मामी म्हणाल्या.

"त्यातला एक त्या रेडिओवाल्याच्या वाटचा होता," मामा म्हणाले.

तार अजून शेवग्याला आहे, तिच्यावर टॉवेलही असतो. संध्याकाळी ओट्यावर मामींना खोकला येतो. सवयीनं त्या आधी पदर तोंडाशी नेतात, मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात, आणि मग पदर खाली घेऊन मोकळ्या खोकतात.