आधी प्रिंटर, मग बाकीचे

भाऊजी, हे तुमच्यावरच लिहितेय. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा आणि लगेच फोन करून ‘वहिनी, तसं नव्हतं’ म्हणू नका. तसंच होतं. इथून पुढे लोकांना सांगायचंय, तेव्हा तुम्ही जरा बाजूला बसा.

तर हे आमचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. यांनी स्वतःचं लिनक्स बांधलं. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी फुकट यंत्रणा. कुणीही उघडावी, बदलावी, आपल्या नावाने वाटावी. भाऊजींनी आपली आवृत्ती गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात बसवली. तिथले मरतुकडे संगणक पळायला लागले. सगळे खूश.

मेख एकच होती. संगणक चालू केला की आतल्या प्रोग्रॅमपैकी कोणी आधी उठायचं आणि कोणी कुणामागून, याची एक रीत बहुतेकांनी मिळून ठरवलेली आहे. भाऊजींना ती नामंजूर. त्यांची रीत स्वतःची, घरातल्यासारखीच: आधी रेडिओ, मग दाढी, मग चहा. चहा आधी आला, तर गालावरचा फेस वाळेपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभे राहणार.

“सगळ्यांसारखंच करायचं, तर मी कशाला हवा?” ते ग्रंथपालबाईंना विचारत.

“तुम्ही नसताना आम्हाला कळावं म्हणून.”

“मी कुठे जातोय?”

गेले ते डोळ्यांच्या दवाखान्यात. मोतीबिंदू. नेमकी त्याच सकाळी वाचनालयातली वीज गेली आणि आली. भाऊजींनी जे संगणक कधी बंदच होऊ दिले नव्हते, ते सगळे एकदम बंद झाले, चालू झाले आणि काळा पडदा दाखवून बसून राहिले. दुरुस्तीवाल्याने ती उठायची यादी नेहमीच्या जागी शोधली. तिथे काही नव्हतंच. बाईंनी दवाखान्यात फोन लावला.

“पडद्यावर काय दिसतंय?” भाऊजींनी पट्टीआडून विचारलं.

“‘वाट बघतोय.’ कुणाची, ते नाही लिहिलेलं.”

मग भाऊजी शेजारी बसलेल्या माझ्याकडे, म्हणजे अंदाजाने खिडकीकडे, मान वळवून म्हणाले, “वहिनी, तो प्रिंटर कुठाय हो?”

वाचनालयाचा जुना प्रिंटर जागा व्हायला फार वेळ लावायचा. म्हणून भाऊजींनी संगणकांना बजावून ठेवलं होतं: आधी तो उठू दे, मग बाकीचे. पुढे प्रिंटर बदलला. जुना त्यांनी, “वहिनी, दोन दिवस ठेवा, मी भंगारात देतो,” म्हणून माझ्याकडे आणून टाकला, आणि ती आज्ञा काढायला विसरले. चारचौघांच्या रीतीत संगणकाने थोडं थांबून त्याचा नाद सोडला असता. पण हे संगणक मालकावर गेलेले.

मी तो धोंडा उचलून वाचनालयात नेला. वायर जोडली. त्याने घसा खाकरला, आणि एकेक पडदा उजळला. वाचकांनी टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालबाईंनी नाही.

“सांगा त्यांना,” त्या म्हणाल्या, “एक तर सगळ्यांच्या रीतीने उठवा, नाहीतर तुमचं सगळं पुसून मी दुसरं घालते.”

निरोप ऐकून भाऊजी रुसले. जेवले नाहीत. “माझी ओळख पुसायला निघालेत,” म्हणे. शेवटी त्यांची बायको, आमची धाकटी जाऊ, करवादली: “अहो, आपल्या दाराला बाजारातलंच कुलूप आहे ना? म्हणून घर काय शेजाऱ्यांचं झालं?”

पट्टी सुटल्यावर भाऊजींनी मुकाट्याने सगळं सर्वमान्य रीतीने पुन्हा लिहून काढलं. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, “काका, आता मलासुद्धा कळतंय!” हे कौतुक की अपमान, ते भाऊजींचं अजून ठरायचंय. वाचनालयात मात्र आजही त्यांचीच आवृत्ती चालते.

प्रिंटरचं काम संपलं. तो परत माझ्या दारात आला. “वहिनी, दोनच दिवस.”

भाऊजी, तो दारामागे आहे. मी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. भंगारवाला गल्लीत येतो, ओरडतो आणि जातो.