पूर्णविरामाची जागा

नववीच्या एका मुलीने इंग्रजी निबंधात सुट्टीतला दिवस लिहिला होता आणि तो अख्खा निबंध म्हणजे एकच वाक्य होतं. मामाचं गाव, विहीर, कुत्रीची पिल्लं, सगळं ‘अँड’ला धरून पळत सुटलेलं. मी लाल पेनाने ते वाक्य अकरा ठिकाणी तोडलं. प्रत्येक तुकड्याला पूर्णविराम दिला, पुढचं अक्षर मोठं केलं. निबंध सुधारला खरा, पण पिल्लं धावायची थांबली. उगाच चुटपुट लागून राहिली.

वही परत देताना मी तिला म्हटलं, “अगं, मध्ये जरा थांबायचं की!”

“थांबलं की घरातले उठून जातात, मॅडम.”

वर्ग हसला. मीही हसले.

संध्याकाळी गावाहून आईचा फोन आला. ती एकटीच असते. नळाला पाणी आलं आणि मग शेजारच्या काकू आल्या आणि त्यांच्या सुनेला बरं नाही आणि तुळशीला कीड लागली आणि... माझ्या हातात पेन फिरत होतं, समोर वह्यांचा ढीग होता. ती श्वास घ्यायला थांबली की “बरं आई, ठेवते” म्हणायचं, हे माझं कित्येक वर्षांचं ठरलेलं.

ती थांबली. आज मी काहीच बोलले नाही. पेन खाली ठेवलं.

थोडा वेळ वाट पाहून तिनेच विचारलं, “हं, ठेवतेस ना?”